पालथं की उताणं

माझ्या डाव्या मूत्रपिंडात बोराएवढा खडा आहे असं सोनोग्राफीत निघालं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता ह्यांना कुशीवर कोण वळवणार?

हे म्हणजे माझे यजमान. मार्केट यार्डात, भुसार बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. जन्मभर धान्याच्या पोत्यांत उभं राहून काम केलेला दणकट माणूस. निवृत्तीनंतर जरा कुठे निवांत पेपर वाचायला लागले होते, तोच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अगदी सगळी नाही, एक शब्द तेवढा मागे राहिला, ‘चला’. यार्डात एका गाडीचं वजन आटोपलं की पुढच्या गाडीकडे जाताना ते ‘चला’ म्हणायचे. नेमका तोच शब्द कसा शिल्लक राहिला देव जाणे. चहा हवा तरी चला, नको तरी चला, माझ्यावर चिडले तरी चला. मी प्राथमिक शाळेतली बाई. एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ सांगा म्हणून आयुष्यभर पोरांचा जीव खाल्ला. आता माझी परीक्षा रोज चालू असते.

अंथरुणावरच्या माणसाची कूस सारखी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, माझा गुडघा पलंगाच्या कडेला टेकवायचा आणि दम धरून वळवायचं. मग पाठीशी एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि लुळ्या हाताखाली एक. सगळं झालं की मी विचारायची, “ठीक?” ते म्हणायचे, “चला.” इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला ओरखडाही आला नाही, ह्याचा मला गर्व आहे. उगाच विनय कशाला दाखवू?

पण ह्या वळवावळवीत माझा उजवा खांदा गेला. आधी नुसता ठणकायचा, मग हात वर जाईना. वेणी घालताना मान खाली घालून हाताशी आणायची, अशी वेळ आली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा बंगळूरला असतो, गुणी आहे, पण फोनवर दर वेळी त्याचं एकच पालुपद, “आई, बाबांना एखाद्या चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तुझ्याच्याने होत नाही आता.” खांद्याचं त्याच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली असती. एका शब्दावर जगणारा माणूस अनोळखी लोकांत कसा राहील? तिथे कुणाला कळणार, की हा ‘चला’ तहानेचा आहे आणि तो ‘चला’ पाठ अवघडल्याचा? म्हणून खांदा मी पदराखाली झाकून ठेवला होता. खडा मात्र झाकता येईना.

ज्याला मुतखड्याची कळ आलीय त्यालाच ती कळेल. बसवत नाही, झोपवत नाही, उभं राहवत नाही. त्यात आमच्या पुण्याचे रस्ते. रिक्षा एकेका खड्ड्यात आपटली की पोटातला खडा स्वतःची ओळख नव्याने करून द्यायचा. घरगुती उपाय सगळे झाले. शेजारणींनी पानफुटीची पानं खायला घातली, कुळथाचं कढण पाजलं. माझ्या नणंदबाई मांजरी गावाहून बाटल्या भरभरून उसाचा रस घेऊन आल्या. तो पिऊन वजन वाढलं, खडा होता तिथेच. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, खडा मोठा आहे, आपोआप पडणार नाही. पाठीतून लहानसं भोक पाडायचं, दुर्बीण घालायची, आत खडा फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे.

नणंदबाई म्हणाल्या, “वैनी, तुमी जावा निवांत. मी हाय न्हवं.”

ह्यांची ही धाकटी बहीण. मांजरीला उसाच्या मळ्यात जन्म गेला. बोलायला लागल्या की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. आमच्या दोघींचं लग्नापासून गोड भांडण आहे. मी त्यांच्या बोलण्यातल्या चुका काढते, त्या माझ्या स्वयंपाकातल्या.

“वन्सं,” मी म्हटलं, “ह्यांना वळवणं सोपं नाही हो. अंग जड आहे.”

“गोठ्यातली म्हस वळवती मी.”

“ती म्हैस आहे. हे तुमचे दादा आहेत.”

“म्हस बरी. ऐकती तरी,” असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि थेट ओट्याचा ताबा घेतला. मी गुमान बॅग भरायला घेतली.

ऑपरेशनच्या आधी तपासण्या झाल्या. रक्त, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, “बाकी काही त्रास? सांधे वगैरे?” मी म्हटलं, “काही नाही. ठीक आहे सगळं.” भीती ही, की खांद्याचं नाव काढलं तर म्हणतील, आधी तो दाखवून या, मग त्याचे फोटो, मग त्याचा व्यायाम. ऑपरेशन पुढे ढकललं जाणार आणि तोवर नणंदबाईंच्या ऊसतोडीचे दिवस येणार. आमच्यासारखी माणसं दवाखान्यात हीच चूक करतात. ज्या कामाला आलो तेवढं उरकून घ्यायचं, दुसरं दुखणं उघडायचं नाही. दुकानात गर्दीच्या वेळी जास्तीचं काही मागू नये, तसं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर फारसं हसू नाही. खुर्ची ओढून माझ्या पलंगाशी बसली. उभ्याउभ्या विचारून गेली नाही, हे मला पहिल्याच झटक्यात आवडलं.

“आजी,” ती म्हणाली.

“बाई म्हणा,” मी म्हटलं. “आजी मी माझ्या नातवाची.”

“बाई,” तिने लगेच सुधारलं, “उद्या तुम्हाला भूल दिली की पालथं झोपवणार. छातीखाली आणि कमरेखाली उशा, आणि दोन्ही हात असे डोक्याच्या बाजूला वर. जरा करून दाखवता?”

वर्गात पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात माझं आयुष्य गेलं. आता मीच पालथी होणार म्हणून मी मनात हसले. डावा हात झोकात वर केला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“उजवा?”

“ब्लाउज घट्ट आहे,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“मग दवाखान्याचा गाऊन घाला. तो पोत्यासारखा सैल असतो. मी थांबते.”

काय करता! गाऊन घातला. त्या गाऊनमध्ये आमच्या वाड्यातल्या दोघी मावल्या असत्या. हात पुन्हा छातीपर्यंत आला आणि थांबला. मी दात आवळून वर ओढायला गेले, तर तिने हलकेच मनगट धरून खाली आणलं.

“कधीपासून?”

“होतं जरा अधूनमधून. ठीक आहे तसं.”

“बाई, ठीक म्हणू नका,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “ठीक म्हटलं की मला काहीच कळत नाही. कुठे दुखतं आणि किती, ते सांगा. असं बघा, जागं माणूस अवघडलं की हात हलवतं, कूस बदलतं. भूल दिलेल्या माणसाला कळतही नाही आणि हलताही येत नाही. आम्ही ठेवू तसं ते तासन् तास पडून राहतं. हा खांदा जोर करून वर ठेवला, तर खडा निघेल, पण शुद्धीवर आल्यावर हा हात तुम्हाला महिनोन् महिने छळेल. म्हणून तुम्ही जाग्या असतानाच विचारतेय.”

‘आम्ही ठेवू तसं पडून राहतं.’ अहो, हे वाक्य माझ्या घरातलं. माझ्या पलंगावर एक माणूस मी ठेवीन तसं पडून असतं, त्याला हलता येत नाही आणि कुठे रुततंय ते सांगताही येत नाही. त्याच्यासाठी मी चादरीची एक चुणीसुद्धा राहू देत नाही. आणि उद्या त्याच जागी मी असणार, तर मी म्हणतेय ब्लाउज घट्ट आहे!

मग मी सगळं सांगून टाकलं. ह्यांचं, खांद्याचं, मुलाच्या केंद्राचं. “ऑपरेशन पुढे ढकलू नका,” मी म्हटलं, “आणि हा हात मला परत द्या. त्याच्यावर एक माणूस आहे.” डोळ्यांत पाणी आलं. परक्या मुलीसमोर रडायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आलं ते आलं.

तिने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. “ढकलत नाही,” म्हणाली. “सरांशी बोलते. पालथं न करताही हे ऑपरेशन करता येतं.”

सर म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर, आमच्या वयाच्या आसपासचे, अस्सल पुणेरी. संध्याकाळी फेरीला आले ते कपाळाला आठी घालूनच.

“बाई, खांद्याचं आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मी खड्याचा डॉक्टर. खांदा कशाला विचारू?”

“मग मी तरी कशाला सांगू?”

मग त्यांची आठी मोडली आणि ते चक्क हसले. म्हणाले, “माझी सवय पालथं झोपवून करायची. जन्म गेला त्यात. पण उताणं झोपवून, डाव्या कुशीखाली उशी देऊन तेवढीच बाजू उचलूनही जाता येतं. तुमचा खडा जिथे बसलाय तिथे तसं पोचता येईल असं फोटोवरून दिसतंय. प्रत्येकाच्या बाबतीत जमतंच असं नाही. खडा कुठे आहे, अंग कसं आहे, सगळं बघावं लागतं. उद्या नाहीच पोचता आलं तर थांबेन, पण तुमचा हात पिरगाळून खडा काढणार नाही. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. त्यांनी स्वतःची जन्माची सवय माझ्या एका खांद्यासाठी बाजूला ठेवली, हे मी विसरलेले नाही. आमच्या गावात माणूस चष्म्याचं दुकानसुद्धा बदलत नाही हो!

ते गेल्यावर ती मुलगी दोन उशा घेऊन परत आली. मला वॉर्डातल्या पलंगावर उताणं झोपवून डाव्या कुशीखाली एक उशी सरकवली, डावा हात छातीवर आडवा ठेवला, उजवा अंगालगत.

“आता सांगा.”

“ठी...” एवढं तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. “कोपर टेकतंय. आणि कंबर अधांतरी आहे.”

तिने कोपराखाली मऊ घडी घातली, गुडघ्यांखाली उशी दिली. कंबर टेकली. मग म्हणाली, “अशाच पडून राहा थोडा वेळ. सुरुवातीला सगळंच बरं वाटतं.” आणि खरंच, थोड्या वेळाने मनगट बोलायला लागलं. मी तेही सांगितलं. माझ्या वर्गात असती तर ह्या पोरीला मी पहिल्या बाकावर बसवलं असतं. भूल देण्याआधीच तिने माझं अंग इंच न् इंच माझ्याकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये थंडी मी म्हणत होती. डोक्यावर मोठा दिवा, आजूबाजूला हिरव्या कपड्यांतली माणसं. ती मुलगी माझ्या उशाशी होती. तोंडावर मास्क होता, पण आवाज ओळखीचा. माझा उजवा हात एका पट्टीवर तिने अंगाजवळच ठेवला, कोपराखाली मनगटाखाली मऊ गादी सारली आणि विचारलं, “कुठे रुततंय?” मी म्हटलं, “आता कुठेच नाही,” आणि ते अगदी खरं होतं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा पहिली आठवण उजव्या हाताची झाली. डाव्या कुशीत जे काही व्हायचं ते झालं असेल, तिकडे लक्षच नव्हतं. मी हात हळूच उचलला. बोटं हलली, कोपर वाकलं. खांदा पूर्वीइतकाच कुरकुरला, त्याहून जास्त नाही.

“आजी, हात हलवू नका! सलाईन लावलंय,” सिस्टर ओरडली.

त्या वेळी ‘आजी’सुद्धा गोड लागलं. मी त्याच हाताने तिला नमस्कार केला, तर ती आणखीनच ओरडली.

दुखलं नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला? डाव्या कुशीतून एक नळी बाहेर काढली होती. खोकला आला की ती जागा ठणकायची, लघवीला आग व्हायची, रंग बघून पहिल्यांदा मी सिस्टरला हाक मारली. पण आता मला कुणी विचारलं की मी ठीक म्हणत नव्हते. “बरगडीच्या खाली, मागच्या बाजूला, वळलं की चमक येते,” असं सांगत होते. त्याप्रमाणे औषध मिळत होतं आणि उशीची जागा बदलत होती. शेजारच्या पलंगावर विश्रांतवाडीच्या एक बाई होत्या, त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं, पण पालथं झोपवून. त्या माझ्याआधी उठून फिरायला लागल्या. मी विचारलं, “खांदे?” त्या म्हणाल्या, “माझे खांदे मस्त आहेत, खडाच तेवढा वाईट होता.” तेव्हा पालथं वाईट आणि उताणं चांगलं, असा धडा मी काही कुणाला देणार नाही. ज्याचं अंग त्यालाच माहीत, आणि ते विचारणारं कुणी भेटलं पाहिजे. मला भेटलं, हे माझं भाग्य.

घरी फोन लावला की नणंदबाईंचं एकच उत्तर, “दादा झ्याक हाय.” मागून ‘चला’ ऐकू यायचा. तो कुठल्या अर्थाचा, हे फोनवर कळेना आणि माझा जीव टांगणीला लागायचा. पाठ लाल झाली असेल का? लुळा हात अंगाखाली सापडला असेल का?

सोडलं त्या दिवशी मी रिक्षावाल्याला म्हटलं, “जरा हळू घ्या, ऑपरेशन झालंय.” तो म्हणाला, “घेतो. पण खड्डे मी पाडलेले नाहीत.” आणि मग खरोखर त्याने मला अंड्यांची पाटी न्यावी तसं घरापर्यंत नेलं. उतरताना पिशवीही वर आणून दिली.

घरात पाऊल टाकते तर आतून नणंदबाईंचा आवाज. “धर कठडा! डाव्या हातानं धर म्हनते ना! आता वळ. वळ की रं दादा, माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय!”

मी दारातच उभी राहिले. ह्यांनी डावा हात छातीवरून पलीकडे नेला होता, पलंगाचा उजवीकडचा कठडा मुठीत धरला होता आणि चेहरा लालबुंद करून स्वतःला ओढत होते. नणंदबाई कमरेशी नुसता हात लावून उभ्या. बघता बघता एवढं मोठं अंग वळलं. उजव्या कुशीवर आले आणि समोर मी दिसले. त्यांचे डोळे भरले. “चला,” म्हणाले. हा मला लगेच कळला.

“हे कधीपासून?” मी नणंदबाईंना विचारलं.

“पयल्याच दिशी. मला उचलंना, तर म्हनलं, तू उचल.” त्या पदराने घाम पुसत होत्या. “काय झालं? चुकलं काय आमचं?”

खरं सांगते, क्षणभर मला राग आला. माझं काम होतं ते, माझ्या हातचं. मी खुर्चीत बसले, पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो राग उतरला आणि एकदम रडूच फुटलं. मी नणंदबाईंचे हात धरले, ‘वन्सं, वन्सं’ एवढंच म्हणत राहिले. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, टाके उसवले.

डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, म्हणून त्या आणखी राहिल्या. उजव्या कुशीवर हे स्वतः वळायचे, डावीकडे त्या वळवायच्या. पुढे परवानगी मिळाल्यावर मी खांद्यासाठी व्यायामही सुरू केला. मुलाला सगळं खरं सांगितलं. तो येऊन राहून गेला, बाबांना वळताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि केंद्राचा विषय त्यानंतर काढला नाही. आता कूस बदलायचं काम आम्ही दोघं मिळून करतो, ते ओढतात आणि मी लोटते. पण मला सांगायची आहे ती गोष्ट घरी आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यातली आहे.

दुपारची वेळ होती. नणंदबाई भाजी आणायला गेल्या होत्या. माझी खाट ह्यांच्या पलंगाला लागून, त्यांच्या उजव्या हाताला. डाव्या कुशीवर मला झोपता येत नव्हतं, ताजी जखम. उताणं पडून पाठ आंबलेली. म्हणून ह्यांच्याकडे पाठ करून मी उजव्या कुशीवर झाले होते, तर खांदा अंगाखाली दबून ठणकायला लागला. उठून उशी घ्यावी तर उठवत नव्हतं. आवाज न करता मी तशीच पडून राहिले. ह्यांना कळू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होते.

मागे कठडा करकरला. मग दमल्यासारखा श्वास ऐकू आला. थोडी शांतता, पुन्हा करकर. मला वाटलं, कूस बदलतायत, बदलू देत. तेवढ्यात माझ्या पाठीला काहीतरी मऊ लागलं. ते थोडं पुढे सरकलं, अडलं, पुन्हा सरकलं. मी मान वळवून पाहिलं. लुळ्या हाताखालची उशी ह्यांनी काढली होती आणि डाव्या हाताने कठड्यावरून पलीकडे माझ्या पाठीशी ढकलत होते. कपाळावर घाम होता. ओठ हलत होते, जुळत नव्हते.

“ठी... ठीक?” ते म्हणाले.

आजारपण आल्यापासून मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तो माझा शब्द होता. दर वेळी वळवल्यावर मी विचारायची तो. माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, ठीक आहे हो, झोपा तुम्ही. मग मला ती मुलगी आठवली.

“नाही,” मी म्हटलं. “खांदा दुखतोय. उशी अजून जरा खाली हवी.”

त्यांनी पुन्हा हात लांब केला आणि उशी खाली सरकवली. मी तिच्यावर मागे रेलले, खांद्यावरचा भार उतरला.

“आता बरं वाटतंय,” मी म्हटलं.

“चला,” ते म्हणाले.